दोन फूटपट्ट्या : चित्रपटमालिकांच्या चाहत्यांचे प्रश्न

एकाच कथाविश्वात भागामागून भाग निघत राहतात अशा चित्रपटांविषयी, म्हणजे ज्यांना आता सर्रास फ्रँचायझी म्हटले जाते त्यांच्याविषयी, मराठवाड्यातील वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : आवडत्या भागाला एक न्याय आणि नावडत्याला दुसरा. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. वसतिगृहात आम्ही चौघांनी मिळून ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी अंतराळपटांचे मुख्य मालिकेतील नऊही भाग पाहिले. माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की, २०१५ च्या भागातील नायिका रे हिला कोणतेही शिक्षण नसताना यान चालवता येते, लाइटसेबरने, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीने, लढता येते, दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवता येतो. त्यामुळे ते पात्रच खोटे आहे. मी म्हटले, १९७७ च्या भागातील ल्यूकनेही पहिल्याच खेपेला लढाऊ यान चालवून शत्रूचा अख्खा तळ उडवला होता. त्यावर ‘ते वेगळे’ एवढेच उत्तर मिळाले आणि तेव्हापासून आमच्यात हा विषय बंद आहे. हा त्याचा नायिकेविषयीचा आकस समजावा की खरीखुरी टीका?
(एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : ‘ते वेगळे’ म्हणून आपल्या मित्राने वाद संपवला असला, तरी टीका खरे म्हणजे तेथून सुरू व्हायला हवी होती. ते वेगळे असूही शकते. मात्र कशामुळे वेगळे, हे चित्रपटातूनच दाखवून द्यावे लागते.

दोघांचा हिशेब मांडून पाहू. ल्यूक हा वाळवंटी ग्रहावर शेतकरी काका-काकूंच्या घरी वाढलेला मुलगा. त्याचे जेडाय विद्येचे (जेडाय म्हणजे या कथाविश्वातील गूढ शक्ती असलेले योद्धे) शिक्षण म्हणजे, डोळ्यांवर शिरस्त्राणाची झापड ओढून एका तरंगत्या गोळ्याचे मारे अडवण्याचा, यानातल्या यानात झालेला छोटासा सराव. ज्या प्रकारच्या लढाऊ यानातून तो शेवटच्या मोहिमेवर जातो, ते त्याने त्याआधी चालवलेले आपल्याला दिसत नाही, आणि तरीही जेथे मुरलेले वैमानिक चुकतात तेथे तो नेम धरण्याचे यंत्र बंद करून अचूक मारा करतो. चित्रपट याला कारण देतो ते एका वाक्याचे : गावाकडे असताना आपण लहान यानातून उंदरासारख्या प्राण्यांवर नेम साधत होतो, असे ल्यूक सांगून टाकतो. तो त्या टापूतला उत्तम वैमानिक असल्याची ग्वाही देणारे त्याच्या बालमित्राचे वाक्य तर १९९७ च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे वीस वर्षांनी, पडद्यावर आले. मधल्या वीस वर्षांत त्या वाक्यावाचून चाहत्यांचे काही अडले नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रे हीसुद्धा वाळवंटी ग्रहावरचीच. मोडीत निघालेल्या जहाजांचे सुटे भाग काढून विकण्यावर तिचे पोट चालते, त्यामुळे यंत्रे तिच्या हाताखालून गेलेली आहेत. एकटीने राहायचे म्हणून ती काठी बाळगते आणि ती चालवतेही. शेवटच्या द्वंद्वात ती ज्या कायलो रेन या खलनायकाला हरवते, त्याला त्याआधीच जबर मारा बसलेला आहे, आणि आपल्याच जखमेवर मुठी मारत तो लढायला उभा राहतो, हे दिग्दर्शकाने जवळून दाखवले आहे. म्हणजे कारणे येथेही दिलेली आहेत. ती पुरेशी नाहीत असे कोणी म्हणाले तर त्यावर बोलता येईल. ती नाहीतच असे म्हणणे म्हणजे पडद्याकडे न पाहता बोलणे झाले. १९९९ च्या भागात तर नऊ वर्षांचा मुलगा जीवघेणी शर्यत जिंकतो आणि शत्रूचे नियंत्रण-जहाज उडवतो. त्या भागावर टीकेचा भडिमार झाला, पण माझ्या वाचनात जे आले त्यात संवादांवर, विनोदावर आणि बालकलाकारावर अधिक रोष होता. या पोराला एवढे कसे जमते, हा आक्षेप त्या मानाने मागेच राहिला.

येथे घडते ते असे की, आवडत्या भागात राहिलेली फट प्रेक्षक पदरचे घालून बुजवतो आणि नावडत्या भागातील तेवढीच फट बोटाने दाखवतो. १९८० च्या भागात ल्यूक आपला गुरू योडा याच्याकडे नेमका किती काळ शिकला, हे चित्रपट सांगत नाही. चाहत्यांनी त्यासाठी प्रवासाच्या वेगाची गणिते मांडून ठेवली आहेत. त्याच चाहत्यांपैकी काही जण रेच्या बाबतीत मात्र अर्धे गणितही मांडायला तयार नसतात. यात लबाडीच असते असे नाही. मानसशास्त्रात हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांचा १९५४ चा एक गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात १९५१ मध्ये फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला होता. त्याचे एकच चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले, तेव्हा प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्या संख्येच्या दुपटीहून अधिक होते. चित्रफीत तीच होती आणि मोजणारेही आपण प्रामाणिकपणे मोजतो आहोत, असेच समजत होते.

आता आपल्या मित्राच्या बाजूने जे म्हणता येते, तेही म्हटले पाहिजे. पहिल्या भागात ल्यूकला यश सहज मिळाले असले तरी दुसऱ्या भागात तो गुरूचे न ऐकता घाईने निघतो, सपशेल हरतो आणि हात गमावतो. रेच्या वाट्याला इतक्या स्पष्टपणे किंमत मोजायला लावणारा पराभव तीन भागांत येत नाही. २०१७ च्या भागात तिची फसगत होते, पण त्या फसगतीचे ओझे पुढच्या भागात फारसे जाणवत नाही. हा लेखनावरचा आक्षेप आहे आणि तो मला बराचसा पटतो. आपल्या मित्राने ‘ते वेगळे’ याऐवजी हे म्हटले असते, तर विषय बंद पडला नसता.

राहिला आकसाचा प्रश्न. मित्राच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि ते शोधण्याच्या भरात आपल्याही हातून तीच चूक होऊ शकते : माझे मत कथेवरून बनलेले, तुझे मात्र आकसातून आलेले. नव्या भागांच्या काही समर्थकांनी ही सोय भरपूर वापरली आहे. नायिकेवर आक्षेप घेतला की तो घेणारा स्त्रीद्वेष्टाच, असे म्हणून टाकले की दुबळ्या पटकथेचा बचाव करण्याचे कष्ट वाचतात. म्हणून आकस आहे का हे विचारू नये. तेवढाच आक्षेप ल्यूकवर घ्यायची तयारी आहे का, हे विचारावे. तयारी असेल तर ती टीका. नसेल तर का नाही, याचे उत्तर त्यानेच द्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट. चाहते दुटप्पी असतात याचा पुरावा म्हणून नेहमी सांगितले जाते की, २०१५ चा भाग जुन्याचीच नक्कल आहे म्हणून त्यांनी ओरड केली आणि २०१७ चा भाग जुन्यापासून दूर गेला म्हणूनही केली. पण ओरड करणारी माणसे दोन्ही वेळा तीच होती, हे कोणी तपासले? चाहत्यांचा समूह म्हणजे एकच माणूस नव्हे. खरा दुटप्पीपणा पाहायचा असेल तर तो एकाच माणसाच्या दोन मतांत पाहावा. उदाहरणार्थ, २०१५ मध्ये पुन्हा ग्रहभंजक तळ आणला म्हणून संतापणाऱ्याला १९८३ मधला दुसरा डेथ स्टार, म्हणजे तसलाच तळ, कसा चालला होता, हे विचारता येईल.

प्रश्न : मी लातूरला शिक्षिका आहे. आमच्याकडे दर रविवारी घरात एक चित्रपट लागतो आणि त्यावरून भांडण ठरलेले. दाक्षिणात्य नायकाने एका ठोशात दहा माणसे उडवली की दीर आणि मुले टाळ्या वाजवतात. हिंदी पोलीसपटात तेच झाले की ‘काहीही दाखवतात’, आणि मराठीत झाले तर हसून लोळतात. मराठी प्रेक्षकाने मराठीलाच सर्वांत कठोर का व्हावे?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक दुटप्पीपणा आहे. दुसरा तसा दिसतो, पण नाही.

आपल्या काव्यशास्त्राने ही गुंतागुंत फार पूर्वी ओळखली होती. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काही दोष अनित्य मानले आहेत : कानाला कठोर वाटणारी अक्षरे शृंगारात दोष ठरतात, पण रौद्रात तीच शोभून दिसतात. हाच निकष येथे लावावा. ‘बाहुबली’चे २०१५ आणि २०१७ चे दोन्ही भाग एका कल्पित राज्यात घडतात, त्यांची रीत दंतकथेची आहे, तेथे नायकाने अख्खे शिवलिंग खांद्यावर उचलून नेले तर ते त्या जगाच्या नियमात बसते. ज्या चित्रपटात पोलीस ठाणे, बदलीची धमकी आणि आमदाराचा दबाव हे सारे ओळखीचे दाखवले आहे, तेथे त्याच प्रमाणातला अतिरेक खटकला तर खटकणाऱ्याला दोष देता येणार नाही. येथे फूटपट्टी एकच आहे, मोजायची वस्तू वेगळी आहे.

मात्र ‘सिंघम’चे काय? २०११ चा हा हिंदी चित्रपट २०१० च्या तमिळ ‘सिंगम’वरून केलेला. नायक बदलला, गाव बदलले, पण खलनायकाच्या भूमिकेत दोन्हीकडे प्रकाश राजच आहेत. रागाने लाल झालेला प्रामाणिक फौजदार आणि त्याला बदलीच्या कचाट्यात पकडणारा गावगुंड, ही चौकट दोन्हीकडे तीच. त्यामुळे तमिळ चित्रपट ‘दमदार’ आणि हिंदी ‘भडक’ असे आपल्या घरात कोणी म्हणत असेल, तर त्याला दोन्हींतील समान प्रसंग शेजारी शेजारी लावून दाखवावेत आणि फरक विचारावा. कदाचित तो कॅमेऱ्याच्या, पार्श्वसंगीताच्या, नटाच्या देहबोलीच्या फरकावर बोट ठेवील; मग त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. पुष्कळदा मात्र उत्तर मिळते ते ‘साऊथवाल्यांची गोष्टच निराळी’ असे, म्हणजे परभणीच्या मित्राचे ‘ते वेगळे’च पुन्हा.

मराठीच्या बाबतीत तर दोन्ही टोके सापडतात. नावडतीचे मीठ अळणी, या न्यायाने काही जण मराठी चित्रपट सुरू होण्याआधीच नाक मुरडून बसतात. याउलट, आपल्या माणसांचा आहे, त्यांच्याकडे पैसा कमी असतो, म्हणून ढिसाळ पटकथेवरही पांघरूण घालणारे काही असतात. पैसा कमी असल्याची सवलत संगणकीय दृश्यांना, गर्दीच्या प्रसंगांना, सेटला जरूर द्यावी. संवादाला ती देऊ नये. चांगले वाक्य लिहायला खर्च येत नाही. आणि ‘मराठी असूनही चांगला आहे’ अशी जी शाबासकी आपल्याकडे अगदी सहज दिली जाते, ती मला उघड निंदेपेक्षा जास्त झोंबते.

प्रश्न : १९९३ चा ‘झपाटलेला’ मी लहानपणी पाहिला आणि तात्या विंचूच्या भीतीने कितीतरी रात्री दिवा लावून झोपलो. परवा मुलांना तो दाखवला तर ती बाहुल्याला हसली. त्यांना २०१३ चा थ्रीडी भाग बरा वाटतो. आजच्या मुलांना अस्सल आणि उसने यांतला फरकच कळत नाही, हिंदीवाल्यांचे सगळे ढापलेले चालते, याचे वाईट वाटते.
(एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वाईट वाटून घेण्याआधी एक गोष्ट आठवावी. गुन्हेगार मरता मरता मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो, हे कथाबीज १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात आहे. ‘झपाटलेला’ त्यानंतर पाच वर्षांनी आला. म्हणून तो कमी ठरतो असे मी मुळीच म्हणत नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरट धांदल आणि महेश कोठारे यांनी भयाला दिलेली अस्सल मराठी विनोदाची जोड हे सारे त्या चित्रपटाचे स्वतःचे आहे. पण उसने घेऊन आपले करता येते ही मुभा आपण त्याला देत असाल, तर एखाद्या हिंदी चित्रपटालाही ती द्यावी लागेल, आणि मग त्याने उसने घेतलेल्याचे पुढे काय केले, एवढेच पाहायचे उरेल.

मुलांच्या हसण्याचे म्हणाल तर आपली भीती अर्धी पडद्यावरची होती आणि अर्धी त्या वयाची. १९९९ चा ‘स्टार वॉर्स’चा भाग त्या वेळच्या मोठ्या माणसांनी हिणवला, तो ज्यांनी लहानपणी पाहिला ती मुले आता मोठी झाली आहेत आणि त्याची बाजू घेऊन हिरिरीने भांडतात. आपली मुलेही वीस वर्षांनी थ्रीडी बाहुल्याची बाजू घेतील, तेव्हा त्यांना हसणारे कोणीतरी घरात असेलच.

प्रश्न : मी नांदेडची. चित्रपटांवर बोलणाऱ्या आमच्या गटात मी एकटीच मुलगी आहे. मला एखादा भाग आवडला की ‘नायिका आहे म्हणून आवडला’ असे म्हणतात. त्यांना नायकाचा भाग आवडला तर मात्र ते चित्रपटाचे रसग्रहण असते. शिवाय काही जण चित्रपट लागण्याआधीच त्याला एक तारा देऊन मोकळे होतात. टीका कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : पहिल्या तक्रारीवर माझ्याकडे फारसे बोलण्यासारखे नाही, आपण तो अन्याय अचूक मांडला आहे.

न पाहता तारे देण्याची खोड जगभर आहे. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर चित्रपट प्रदर्शित होण्याआधीही प्रेक्षकांना शेरे लिहिता येत असत. फेब्रुवारी २०१९ मध्ये, नायिकाप्रधान ‘कॅप्टन मार्व्हल’ लागण्याच्या तोंडावर अशा नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पडला आणि त्या सुमारास ती सोय काढून टाकण्यात आली. न पाहिलेल्या चित्रपटाविषयी अंदाज बांधायला हरकत नाही, पण त्याला परीक्षण म्हणू नये, एवढे तरी आपल्या गटात ठरवून घेता येईल.

छळाची सीमा ओळखणे मला तितके अवघड वाटत नाही. वाक्याचा रोख कोणावर आहे ते पाहावे. ‘स्टार वॉर्स’च्या २०१७ च्या भागातील रोझ या पात्राचा कथेत उपयोग काय, तिला घेऊन जाणारे जुगारनगरीचे उपकथानक लांबले नाही का, हे विचारणे टीका आहे. ती भूमिका करणाऱ्या केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीच्या रूपावर आणि वंशावर घसरणे टीका नव्हे. त्या भडिमारानंतर २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरील आपल्या सर्व नोंदी काढून टाकल्या आणि पुढे न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपल्यावर काय परिणाम झाला, ते सांगितले. तिचे संवाद तिने लिहिलेले नव्हते. १९९९ च्या भागातील जार जार या पात्राविषयीचा संताप असाच अहमद बेस्ट या नटावर निघाला. त्या काळात आत्महत्येचा विचार मनात आला होता, असे त्याने २०१८ मध्ये उघडपणे सांगितले. पुढे २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या त्याच कथाविश्वातील मालिकेच्या एका भागात तो जेडाय म्हणून अवतरला, तेव्हा चाहत्यांनी त्याचे कोडकौतुक केले. मधल्या चोवीस वर्षांत त्याच्या अभिनयात फार मोठा बदल झाला होता म्हणून हे घडले, असे मला वाटत नाही.

दुटप्पीपणा येथेही मोजता येतो. पटकथा फसली आणि नायक पुरुष असेल तर शिव्या बहुधा लेखक-दिग्दर्शकाला बसतात. नायिका असेल तर त्या तिलाच बसतात. आपल्या गटातील शेवटच्या चार चर्चा आठवून पाहा.

प्रश्न : बीड जिल्ह्यातील आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकात मी चित्रपटाची परीक्षणे लिहितो. ज्या मालिकेचा मी कट्टर चाहता आहे, तिचा नवा भाग येतो आहे. त्याविषयी मी लिहावे की दुसऱ्या कोणाला लिहायला सांगावे?
(एक वाचक, बीड)

उत्तर : आपणच लिहावे, आणि आपण चाहते आहोत हे पहिल्या परिच्छेदात सांगून टाकावे, वाचक त्याप्रमाणे वजावट करून वाचतो. लिहिण्यापूर्वी मालिकेतला आपला सर्वांत लाडका भाग पुन्हा पाहावा आणि नव्या भागावर जो आक्षेप घ्यायचा मनात आहे, तो त्याला लागू होतो का ते तपासावे. लागू होत असेल तर तेही लिहावे. तारे मात्र देऊ नयेत. भित्तिपत्रकावर जागा कमी असते, आणि ताऱ्यांची ओळ गाळली तर तेवढ्या जागेत एखादे दृश्य आणखी नीट सांगता येते.